नग एकेचाळीस

पुण्याच्या दगडात समुद्र नाही.
वेताळ टेकडीची खाण कितीही उकरा,
नुसता काळा बसाल्ट, थिजलेली आग.
ती ओली असताना
तिच्यावर कुणी पाऊल टेकवलं नाही.

म्हणून आमचा समुद्र कच्छहून येतो,
सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत,
आणि लॉ कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत
ट्रकमधून उतरतो.
सोपान घारे पावतीवर सही करतो: नग चौसष्ट.

पहिल्या दिवशी उमराणी सर म्हणाले होते,
प्राणी विसरायचा.
खेकडा की कोळंबी की नुसताच किडा,
विचारायचं नाही.
मऊ अंगाचं होतं, गेलं.
नाव द्यायचं ते बिळाला.
उभं की आडवं. फाटे फुटतात का, बेचकीसारखे.
भिंत लिंपलेली आहे का.
आतली वाळू बाहेरच्यासारखीच, की मागाहून आलेली.

मी पट्टी धरते. व्यास अकरा मिलिमीटर.
भिंतीला बाहेरून गोळ्यागोळ्यांचा गिलावा,
साबुदाणावड्याच्या पाठीसारखा.
ढासळती वाळू, लाटांच्या माऱ्यातली,
म्हणून एकेक गोळी दाबून बसवलेली.
मी लिहिते: ऑफिओमॉर्फा.

त्याच दगडात वीतभर खाली चिखल लागतो.
तेच बीळ, तोच फाटा, पण गिलावा नाही.
चिखल आपला आपण उभा राहतो,
लिंपायचं कशाला?
मी लिहिते: थॅलसिनॉइडिस.
बहुधा एकच जीव, एकाच भरतीत,
दोन नावांनी आमच्या वहीत राहायला आला.
उलटंही होतं.
एकमेकांना कधी न भेटलेले तिघे
एका नावाखाली, एका ट्रेमध्ये,
खाली माझ्या बहिणीच्या लग्नातला जुना पेपर.

ट्रेंवर चिठ्ठ्या आहेत, सरांच्या तिरप्या अक्षरात:
राहणं. चरणं. टेकणं.
शेवटचा ट्रे बराचसा रिकामा: निसटणं.

त्यात नग एकेचाळीस.
एका रात्रीच्या वादळानं
दोन विती वाळू वर आणून टाकली असावी.
खालून कुणीतरी वर निघालंय.
जिथून गेलं तिथले थर
खाली दुमडलेत, निऱ्यांसारखे,
एकात एक, एकात एक,
आणि मग करवतीची सरळ रेघ.
वरचा तुकडा नाही.

सर गेले त्या वर्षी कापलेला दगड.
वहीत नोंद नाही, कपाटात नाही.
गुरुवारी पाणी नव्हतं,
पिंपातलं घ्यायला मी मोरीत गेले,
तर बादलीखाली तो.
अकरा वर्षं बादली डुगडुगू नये म्हणून.

आम्ही तो धुतला. दोन्ही तुकडे जुळवले.
रेघेला रेघ, निरीला निरी.
सोपान खाली वाकून बघत राहिला.
"सुटलं का हो ते?"

विचारायचं नाही,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मी भिंग फिरवलं.
निऱ्या वर जातात, आणखी वर,
चार बोटं राहिली, दोन,
आणि जिथं सोळा कोटी वर्षांपूर्वीचा
वाळूचा माथा असायला हवा
तिथं बादलीच्या बुडाची गोल, गुळगुळीत खाच.

सोपाननं खाचेवरून अंगठा फिरवला.
"ही माझीच," म्हणाला.
मी काही बोलले नाही.
मग तोच म्हणाला, हिचं नाव काय लिहिणार?

वहीत एवढंच आहे:
नग एकेचाळीस, दोन तुकडे, जुळतात.
निसटण्याची खूण.
वरचं टोक उपलब्ध नाही.

बादलीखाली आता टेकडीवरचा काळा दगड आहे.
याला काय करायचं ते कर,
यात शोधण्यासारखं काही नाही,
असं मीच सांगितलंय त्याला.
तरी त्यानं तो आधी
सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.